‘ऑटोरोटेशन’ला मराठीत काय म्हणावे?

गोदाकाठ : मुलांच्या विज्ञान मासिकासाठी एका लेखाचा अनुवाद करताना ‘ऑटोरोटेशन’पाशी अडलो आहे. हेलिकॉप्टरचे इंजिन हवेत बंद पडले, की वैमानिक पात्यांचा कोन तत्काळ कमी करतो. खाली येताना खालून वर घुसणाऱ्या हवेमुळे पाती फिरत राहतात आणि जमिनीजवळ त्याच फिरत्या पात्यांतील ऊर्जा खर्चून हेलिकॉप्टर अलगद टेकवता येते. मी ‘स्वयंपरिभ्रमण’ लिहिले होते. ओझरच्या विमान कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माझ्या वडिलांनी ते खोडले. त्यांच्या मते यात ‘स्वयं’ काहीच नाही, फिरवतो तो वारा.

निवृत्त शिक्षिका : वडिलांचे म्हणणे योग्यच आहे, पण ‘परिभ्रमण’ही चुकीचे आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, हे मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतले आहे. ‘वातपरिवलन’ चालेल का?

पंचवटीकर : बाई, क्षमा असावी, परंतु ‘वातपरिवलन’ वाचून वैद्याकडे जावेसे वाटते. वैमानिक बोलताना नुसते ‘ऑटो’ म्हणतात आणि आपण नाशिककर रिक्षाला रिक्षाच म्हणत असल्याने घोटाळाही होणार नाही. पायडल थांबवले तरी सायकलचे चाक ज्यामुळे फिरत राहते, ते ‘फ्रीव्हील’ आपण कधी भाषांतरित केले? इंजिन बंद पडताच पात्यांना त्यापासून मोकळे करणारी सोय नेमकी तशीच असते.

निवृत्त शिक्षिका : ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्दही एके काळी हास्यास्पद वाटले असतील. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

शब्दवेडा : मूळ शब्दच पाहू. ‘हेलिकॉप्टर’ची फोड ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ अशी नसून ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ अशी आहे; ग्रीक ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. हा ‘प्टेरॉन’ संस्कृत ‘पत्र’चा सगोत्र आणि आपले ‘पाते’ त्याच ‘पत्रा’चे, म्हणजे पाती ग्रीक नावात आधीपासूनच बसलेली आहेत! माझ्या मते नाम शोधण्यापेक्षा क्रियापद घ्यावे : ‘इंजिन बंद पडले तरी पाती भिरभिरत राहिली.’ जत्रेतले भिरभिरे वाऱ्यानेच फिरते.

गोदाकाठ : हे वडिलांना पटले. परंतु लेखात शीर्षकासाठी नाम हवेच आहे, आणि ‘इमर्जन्सी लँडिंग’चेही ठरायचे आहे.

पंचवटीकर : ‘आणीबाणीचे अवतरण’ तेवढे लिहू नका. आणीबाणी म्हटले की १९७५ आठवते, आणि अवतरण एक तर देवाचे असते, नाही तर चिन्हातले. ‘तातडीने उतरवले’ पुरेसे आहे. आणि ते ‘कोसळले’ नव्हे, हे बातम्या लिहिणाऱ्यांनाही कोणी तरी सांगा.

निवृत्त शिक्षिका : ‘भिरभिरणे’ नजरेचे असते, यंत्राचे नव्हे. त्यापेक्षा ‘भिंगरी’ बरी.

शब्दवेडा : भिंगरी हाताने फिरवावी लागते, म्हणजे तिला इंजिन आहे. मुद्दाच तो आहे.

गोदाकाठ : मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे.

निवृत्त शिक्षिका : सिन्नरला आमच्या लहानपणी कागदाच्या भिंगऱ्या वाऱ्यावरच फिरत असत.