जॅपनीज सिटी पॉपचं वेड लागलंय, पुढे काय ऐकू?

मृगाचा_पाऊस
नमस्कार मंडळी, मी पुण्यात जॅपनीज शिकतेय, डिसेंबरमध्ये एन-थ्री ही जॅपनीजची परीक्षा देणारे. लिसनिंग फार कच्चं आहे म्हणून गाणी ऐकायला लागले आणि यूट्यूबने एक दिवस माकी मात्सुबाराचं, सॉरी मिकी मात्सुबाराचं, 'मायोनाका नो दोआ' समोर आणून ठेवलं. सिटी पॉप म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातलं जपानचं शहरी पॉप, त्यातलं हे १९७९ चं गाणं, माझ्या आईच्याही लग्नाआधीचं! त्या दिवसापासून दुसरं काही ऐकवत नाहीये. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, जे जपानमधल्या ओकायामाच्या बागेवरून केलंय तिथे, सकाळी फिरताना कानात हेच असतं. आधी नुसती चाल आवडली होती, मग एकेक ओळ लावत गेले. त्यात करड्या जॅकेटवरचा ओळखीचा कॉफीचा डाग आहे, दुसरा हिवाळा येऊन ठेपलाय, आणि ती बाई रेकॉर्डवरची सुई उडेपर्यंत तीच ती चाल ऐकत बसलीये. तो डागाचा शब्द डिक्शनरीत सापडला तेव्हा खरंच गलबलून आलं.

आता प्रश्न. एक, पुढे काय ऐकू? दोन, माझी मैत्रीण म्हणते ही सगळी अमेरिकन गाण्यांची कॉपी आहे, यात जपानी असं काय आहे? मला तिला नीट उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

निशिकासाईवाला
ताई, तोक्योमध्ये अकरा वर्षं झाली, माझा हाच आवडीचा विषय, त्यामुळे लांबण लागेल. मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे. युद्धानंतर अमेरिकन लष्कराचं रेडिओ स्टेशन इथे होतं, फार ईस्ट नेटवर्क, ते होतं सैनिकांसाठी पण तोक्योच्या आसपासची पोरं रात्र रात्र ते ऐकायची, त्यातून सोल, फंक, बीच बॉइज सगळं त्यांच्या कानात गेलं. पण पुढे एक मोठा वाद झाला की रॉक जॅपनीजमध्ये गाता येतं का, बऱ्याच जणांचं म्हणणं इंग्रजीतच गायला हवं. हॅपी एंड नावाच्या बँडने १९७१ च्या 'काझेमाची रोमान' अल्बममध्ये ते आपल्या भाषेत गाऊन दाखवलं. त्यातले चौघेही पुढे मोठे झाले, हारुओमी होसोनोने यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा बँड काढला, एइइची ओताकीने स्वतःचे अल्बम केले, आणि ड्रमर ताकाशी मात्सुमोतो तर जपानचा एक मोठा गीतकार झाला. कॉपी करणारा माणूस भाषेसाठी इतकं भांडत नाही.

आणि मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' ऐकलंच असशील, १९८४ च्या 'व्हरायटी' अल्बममधलं. ती मूळची इझुमोची, म्हणजे शिमाने प्रांत, तोक्योपासून कुठच्या कुठे. शाळेत असताना एक्स्चेंज स्टुडंट म्हणून अमेरिकेत इलिनॉयमध्ये राहून आली होती. म्हणजे तिथली गाणी तिने नुसती रेडिओवर ऐकलेली नाहीत, तिथल्या घरात राहून ऐकलीत, आणि मग परत येऊन स्वतःची लिहिलीत. त्या गाण्याचं प्रॉडक्शन तिचा नवरा तात्सुरो यामाशिताचं. त्याचा १९८२ चा 'फॉर यू' ऐक, पण स्ट्रीमिंगवर शोधत बसू नकोस, त्याने आपली गाणी तिकडे दिलेलीच नाहीत. मी शिंजुकूच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून ओबीसकट घेतलीय, ओबी म्हणजे कव्हरला गुंडाळलेला कागदी पट्टा.

कोमल_निषाद
कीबोर्ड वाजवतो म्हणून लिहितो. ताईला आधी नुसती चाल का आवडली याचं कारण या गाण्यांपुरतं वेगळं आहे, पण आधी जुन्या गाण्यांबद्दल. जुन्या जपानी लोकप्रिय गाण्यांत एक स्केल फार चालायचं, 'योनानुकी', म्हणजे चौथा आणि सातवा सूर वगळलेलं. आपल्या भाषेत म आणि नि वर्ज्य, सरळ भूप रागच की! क्यू साकामोतोचं 'उए ओ मुइते आरुको' ऐका, १९६१ चं, त्याचा मुखडा ऐकून भूप शिकलेल्या कुणालाही घरचं वाटेल. हेच गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे एक नंबरवर होतं, आणि तिथे नाव काय दिलं तर 'सुकियाकी', जो एक मांसाचा पदार्थ आहे आणि ज्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. रडू ओघळू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते. मला याचा अजून राग येतो.

सिटी पॉपमध्ये मात्र भूप शोधू नका. तिथे निषाद आलाच, मेजर सेव्हन्थ कॉर्ड (सा-ग-प सोबत शुद्ध नि) पावलोपावली, आणि ती कॉर्ड धड आनंदीही नाही आणि धड उदासही नाही, मधेच कुठेतरी लटकते. मला वाटतं भाषा न कळता जे पोचतं ते तिथून पोचतं. सोबत बासगिटार नीट ऐका. तेव्हा पैसा होता, कंपन्या स्टुडिओत उत्तमातले वादक बसवायच्या, ते ऐकू येतं.

खलाशाचा_पोर
मी रत्नागिरीचा, वय ५२. बाबा मर्चंट नेव्हीत होते, कोबे-योकोहामाला बोट लागायची. ८३ की ८४ साली बाबा टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि सोबत एक कॅसेट, तिच्यावर एक अक्षर कळेल तर शपथ. चित्र मात्र डोळ्यांसमोर आहे, निळाशार स्विमिंग पूल आणि माडासारखी झाडं, आम्ही भावंडं म्हणायचो जपानात पण माड असतात. पावसाळ्यात लाइट नसली की सेलवर ती कॅसेट वाजायची. आई तिला 'पुलाची कॅसेट' म्हणायची. गणपतीला मुंबईहून आलेल्या सगळ्या पाहुण्यांना ऐकवली, कुणालाच सांगता आलं नाही कोण गातोय. बाबा गेले २००९ ला. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या मोबाइलवर तेच चित्र दिसलं, एइइची ओताकी, 'अ लाँग व्हेकेशन', १९८१. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला पुढची प्रत्येक जागा पाठ होती. वर निशिकासाईवाल्याने लिहिलेला ओताकी तो हाच ना?

निशिकासाईवाला
हो काका, तोच! आणि त्यातल्या बहुतेक गाण्यांचे शब्द त्याच मात्सुमोतोचे. अंगावर काटा आला वाचून.

ताई, मिकीबद्दल एक राहिलं. ते गाणं आलं तेव्हा ती १९ वर्षांची होती. २०२० मध्ये रेनिच नावाच्या इंडोनेशियन मुलीने ते गायलं, मग टिकटॉकवर परदेशात वाढलेली पोरं आपल्या जपानी आयांना ते ऐकवायला लागली आणि त्या आया स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गायला लागायच्या, ते व्हिडिओ जगभर फिरले, स्पॉटिफायच्या व्हायरल यादीत गाणं पहिलं आलं. मिकी २००४ मध्येच कॅन्सरने गेली होती, ४४ व्या वर्षी. तिला यातलं काहीच बघायला मिळालं नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मृगाचा_पाऊस
हे मला माहीतच नव्हतं. आज ते गाणं परत लावलं आणि मधेच बंद केलं. मैत्रिणीला हा सगळा धागा पाठवलाय.
काका, ती कॅसेट आहे का हो अजून?

खलाशाचा_पोर
आहे. फीत चिकटलीय, वाजत नाही. पण आतला घडीचा कागद चांगला आहे, बारीक बारीक जपानी अक्षरं आहेत, आणि मागे पेनाने कुणीतरी दोन ओळी लिहिल्यात त्या छापील नाहीत. बाबांना कुणी दिली होती का काय ते कधी विचारलंच नाही. फोटो टाकला तर वाचून सांगशील?

मृगाचा_पाऊस
टाका काका, लगेच टाका. हाताने लिहिलेल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, मला जड जातात, अडलं तर उद्या क्लासमध्ये सरांना दाखवते.