विकीची इतिहासासह प्रत लॅपटॉपवर गिटमध्ये ठेवावी का?

मुळाकाठ (प्रस्ताव)
ज्या विकीवर आपण नियमित लिहितो, त्याची इतिहासासह प्रत आपल्या लॅपटॉपवर असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गिट, म्हणजे फायलींच्या सर्व आवृत्त्यांचा इतिहास राखणारे साधन; त्यावर चालणाऱ्या इकीविकी या विकी-सॉफ्टवेअरमध्ये पाने साध्या मजकूर-फायलींत राहतात, आणि एकदा क्लोन केले, म्हणजे इतिहासासह पूर्ण प्रत उतरवली, की पहिल्या नोंदीपासूनची प्रत्येक आवृत्ती हाताशी येते. गिटहब या संकेतस्थळावरील प्रकल्पाचा विकीही स्वतंत्र गिट रेपॉझिटरीच (फायली व त्यांच्या इतिहासाचा साठा) असतो. सर्व्हर बंद पडला किंवा चालकांनी विकी गुंडाळला, तरी वाचन आणि लेखन थांबत नाही. कोणती ओळ कोणी व केव्हा बदलली, हेही नेटवर्कशिवाय पाहता येते.

सह्यकडा
आपण दिलेली दोन्ही उदाहरणे मुळातच गिटवर उभ्या असलेल्या विकींची आहेत. मराठी विकिपीडिया मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो आणि त्याचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. गिट-रिमोट-मीडियाविकी हे साधन तो एपीआयमार्फत (प्रोग्रामांसाठीच्या जोडणीतून) मागवून प्रत्येक आवृत्तीचा कमिट, म्हणजे गिटमधील एक नोंद, बनवते. त्यामुळे मोठ्या विकीचा पूर्ण इतिहास उतरवणे अतिशय संथ होते, आणि वेळ वाचवण्यासाठी शॅलो (फक्त शेवटच्या आवृत्तीची) प्रत घेतली, तर ज्यासाठी हा खटाटोप तो इतिहासच हातचा जातो. शिवाय साचे आणि मोड्यूल (पानांत पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे व छोटे प्रोग्राम) यांचा अर्थ लावणारे मीडियाविकी जवळ नसल्याने पान वाचताना कंसांचे जंगल दिसते. वाचनासाठी किविक्स या ऑफलाइन वाचकाची झिम फाइल आणि जतनासाठी विकिमीडियाचे डंप (संपूर्ण मजकुराच्या उतरवण्याजोग्या फायली) अधिक योग्य आहेत.

मुळाकाठ
संपूर्ण विकिपीडिया उतरवावा, असे माझे म्हणणे नाही. त्याच साधनात निवडक पाने किंवा एखादा वर्गच मागवता येतो. त्या वर्गातील सर्व पानांवर एकच दुरुस्ती करायची असेल, तर आधी घरी बदल करून डिफ (जुन्या-नव्या मजकुरातील फरक) तपासणे आणि मगच पुश करणे, म्हणजे विकीवर पाठवणे, ही माझ्या दृष्टीने इतर लेखकांविषयीची जबाबदारी आहे. झिम फाइलमध्ये हे शक्य नाही.

अक्षरयात्री
मराठी मजकुराच्या बाबतीत मला गंभीर अडचण दिसते. गिट बदलांचा मेळ ओळींच्या हिशेबाने घालते, आणि विकीवर अख्खा परिच्छेद बहुधा एकाच ओळीत असतो; म्हणून दोघांनी त्यातील वेगवेगळी वाक्ये सुधारली, तरी संघर्ष उद्भवतो. शोधाचेही तसेच: ‘दुसऱ्या’ हा शब्द कोणी ऱ वापरून लिहितो, तर कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण ग्रेप या शोध-साधनाला एकच सापडतो आणि दुरुस्ती अर्धवट राहते.

याहून मोठा आक्षेप नैतिक आहे. एखाद्याचा पत्ता किंवा फोन क्रमांक पानावर आला आणि प्रचालकांनी ती आवृत्ती लपवली, तरी आधी घेतलेल्या प्रत्येक क्लोनमध्ये तो तसाच राहतो.

मुळाकाठ
परिच्छेदाची अडचण शब्दनिहाय डिफने वाचण्यापुरती सुटते, मेळ घालण्यापुरती नाही, हे मान्य. लपवलेल्या आवृत्तीचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे स्वीकारतो. अशी प्रत सार्वजनिक ठिकाणी पुश करू नये, आणि लपवल्याचे कळताच जुना क्लोन काढून नवा घ्यावा. तरीही छोट्या, दोन-चार जणांनी चालवलेल्या विकीसाठी माझे मत बदलत नाही: त्याचे डंप कोणी काढत नाही, आणि सर्व्हरचे भाडे थकले की सदस्यांच्या लॅपटॉपवर जे आहे तेवढेच उरते.