शेळीपालकांचा स्वतःचा कत्तलखाना : सहकारी संस्था की उत्पादक कंपनी?

प्रश्न (शेळीपालक, शाहूवाडी)
आमच्या पाच गावांतील चाळीसेक शेळीपालक मिळून कत्तलखाना आणि शीतगृह उभारण्याच्या विचारात आहोत. बाजारात व्यापारी आजही बोकडाच्या कमरेवर हात दाबून उक्ती किंमत सांगतो. गेल्या महिन्यात त्याने वीस किलोचा ठरवलेला माझा बोकड मी परत आणला, तर तो घरच्या काट्यावर साडेचोवीस भरला. दुधासाठी ‘गोकुळ’ उभे राहिले, मग मटणासाठी असे का होऊ नये? नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी?

उत्तर (दूधसंस्थेचा माजी सचिव, करवीर)
१९६० च्या सहकार कायद्याखाली संस्था काढा किंवा दहा उत्पादक मिळून उत्पादक कंपनी काढा, दोन्हीकडे एका सभासदाला एकच मत असते. खरी अडचण पुढे आहे. दूध वर्षभर दोन्ही वेळा येते, बोकड तसा येत नाही. शिवाय आपल्याकडे मटणाची झुंबड रविवार-बुधवारी, आषाढ संपताना तर विचारूच नका, आणि लगेच श्रावणात सगळे सामसूम. पण शीतगृहाचे वीजबिल व कर्जाचा हप्ता श्रावण पाळत नाहीत. म्हणून कोणता सभासद कोणत्या महिन्यात किती बोकड देणार, याचा लेखी करार पायाभरणीच्या आधी करावा.

उत्तर (पशुवैद्यक)
२००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार तपासणीनंतर जनावराला चोवीस तास विश्रांती द्यावी लागते. रविवारी पहाटे मटण हवे असेल, तर बोकड शनिवारी पहाटेच तपासून झालेले असावेत. एक पशुवैद्यक तासाला बारा आणि दिवसाला शहाण्णव जनावरेच तपासू शकतो. त्यामुळे आराखड्यात निवारा, पाणी आणि सांडपाण्याची सोय आधी धरावी, शीतगृह नंतर.

उत्तर (मटण विक्रेता, कोल्हापूर)
जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडे कमीच मटण पडते, हे दर ठरवताना विसरू नये. उरलेल्या मुंडी, पाय आणि वजडीला इथे रोख गिऱ्हाईक आहे. ते हिशेबात न धरणारा प्रकल्प तोट्यातच जाईल. चामड्याचा सौदा मात्र आधीच ठरवून ठेवावा, मीठ लावायला उशीर झाला की ते हातचे जाते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सध्या इमारतीचा विषय बाजूला ठेवून सामाईक काटा घेतो आणि वजनावरच एकत्र विक्री सुरू करतो. सचिवसाहेब, दूधसंस्थेच्या सभासद कराराचा नमुना मिळू शकेल का?