पायथॉन स्थापित पॅकेजेस नेमकी कुठे शोधते?

प्रश्न: पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील एकच प्रोग्राम विंडोजवर व्यवस्थित चालतो, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर मात्र पॅकेज (तयार कोडचा संच) स्थापित असूनही मॉड्यूल सापडत नसल्याची त्रुटी येते. शोधाचे मार्ग कसे ठरतात, हे कृपया कोणी सांगू शकेल का?

उत्तर 1: हे मार्ग सिस मॉड्यूलमधील पाथ या यादीत असतात आणि पायथॉन ती क्रमाने तपासते: आधी चालू स्क्रिप्टचे फोल्डर, मग पायथॉनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधील (संगणकाच्या प्रणालीत ठरवून ठेवलेल्या मूल्यातील) मार्ग, त्यानंतर पायथॉनसोबतच येणारी प्रमाण लायब्ररी आणि शेवटी साइट-पॅकेजेस, म्हणजे वेगळी स्थापित केलेली पॅकेजेस ठेवण्याचे फोल्डर. विंडोजवर हे शेवटचे फोल्डर सहसा पायथॉनच्या स्थापना-फोल्डरातील लिबमध्ये असते, तर लिनक्स आणि मॅकओएसवर लिबच्या आत प्रत्येक आवृत्तीचे स्वतंत्र फोल्डर असते, त्यामुळे 3.10 साठी घेतलेले पॅकेज 3.12 ला दिसत नाही. माझ्या मते बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते.

उत्तर 2: उबुंटूवर, डेबियन या लिनक्स प्रणालीप्रमाणेच, एपीटीने (प्रणालीच्या स्वतःच्या स्थापना-साधनाने) आलेली पॅकेजेस डिस्ट-पॅकेजेस या वेगळ्या फोल्डरात जातात, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर 3: पिप हे पायथॉनची पॅकेजेस स्थापित करणारे साधन थेट न चालवता ज्या पायथॉनने प्रोग्राम चालतो त्याच्याच एम (-m) पर्यायाने चालवावे, म्हणजे पॅकेज योग्य ठिकाणी जाईल. प्रत्येक प्रकल्पासाठी व्हीएन्व्ह, म्हणजे पॅकेजेसचे स्वतंत्र आभासी वातावरण, वापरणे त्याहून उत्तम. ही सोय आवृत्ती 3.3 पासून पायथॉनमध्येच आहे.