चकलीच्या भाजणीचं जुनं माप: शेर, मापटं, चिपटं म्हणजे किती वाट्या?

विश्रामबागची_सून (सांगली)
आजेसासूबाईंच्या वहीत चकलीच्या भाजणीचं असं लिहिलंय: तांदूळ शेर, हरभरा डाळ मापटं, उडीद डाळ चिपटं, मूग डाळ कोळवं, जिरे २ तोळे, धणे मूठभर. नेटवर शेर म्हणजे ९३३ ग्रॅम दिसतं, पण बाकीच्याचा पत्ता लागेना. घरात काटा आहे, वाट्या आहेत. दिवाळीला ह्याच भाजणीच्या चकल्या करायच्यात, कुणी सांगा ना.

मिरजेची_काकू
अगं, ९३३ ग्रॅम हा वजनाचा शेर, ८० तोळ्यांचा. तो इथं लावू नकोस. धान्याचा शेर मापाचा, भांडं भरून मोजायचा. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. आता चिपट्याला एक वाटी धरून वही परत वाच: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद १, मूग अर्धी. किती सुरेख बसवलंय बघ त्यांनी, प्रत्येक जिन्नस आधीच्याच्या निम्मा! वाटी कुठलीही घे, पण चारही त्याच वाटीनं मोज. शिगेनं भरलीस तर सगळं शिगेनं, हात फिरवून सपाट केलीस तर सगळं सपाट.

जिरे मात्र वजनाचे. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे २ तोळे साधारण २३ ग्रॅम, तेही पुऱ्या शेराला. वाटी चिपट्याहून लहान असेल तर जिरे त्या मानानं कमी कर.

कराडचा_बल्लव
माळ्यावर जुनं चिपटं असेल तर बघा. ते तांदळानं भरा आणि तेच तांदूळ तुमच्या वाटीनं मोजा, फरक लगेच कळेल.

विश्रामबागची_सून
काकू, कोडंच सुटलं! मोहन किती घालू? वहीत नुसतं 'अंदाजे' आहे.

मिरजेची_काकू
वाटीभर पिठाला एक टेबलस्पून तेल, म्हणजे १५ मिली, कडकडीत तापवून. पाणी पिठाइतकंच, उकळी आल्यावर पीठ घालून झाकून ठेव. चकली तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं, कडक झाली तर कमी पडलं. तांदूळ धुऊन फडक्यावर सावलीत वाळव, आणि सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाज. उडीद डाळ गुलाबी झाली की लगेच उतरव. गिरणीत गव्हावर दळू देऊ नकोस, तांदळाच्या दळणावर टाकायला सांग.