वॉशिंग मशीन किती टिकलं, किती वाजलं, कुणी दुरुस्त केलं? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

आमचं सेमी-ऑटोमॅटिक २०११ च्या दिवाळीतलं. आजवर त्याचा पट्टा दोनदा बदलला, कपॅसिटर तीनदा आणि ड्रायरच्या ब्रेकची वायर एकदा. एवढंच. पण आता तळाचा पत्रा गंजून एक पाय निखळलाय आणि सासूबाईंचा खांदा इतका दुखतो की भिजलेल्या चादरी एका टबातून काढून दुसऱ्यात टाकणं त्यांना होत नाही. त्यामुळे यंदा नवीन घ्यायचं ठरलंय.

तीन दुकानं फिरले. सगळीकडे स्क्रीन, वायफाय आणि मोटरची दहा वर्षांची वॉरंटी. बंद पडल्यावर नेमकं काय बंद पडतं, हे एकानंही सांगितलं नाही. म्हणून इथे विचारते. ‘अमुक कंपनी चांगली’ एवढंच लिहू नका, एकाच कंपनीची दोन मॉडेलं आतून वेगळी असतात. पाणी नळाचं की बोअरचं, मशीन ठेवलंय कुठे, किती वर्षं झाली, आवाज कधी बदलला आणि दुरुस्तीला काय लागलं, ते लिहा. आमच्याकडे नळाचं पाणी, गच्चीवर टाकी, मशीन मागच्या मोरीत.
– साने गुरुजी वसाहत

राजारामपुरी, फ्रंट लोड, २०१४

ताई, आवाजाचं विचारलंत ते बरं केलंत, कारण आमच्या मशीननं वर्षभर आधी सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं नाही.

पहिली सहा वर्षं पिळतानासुद्धा शेजारच्या खोलीत टीव्ही नीट ऐकू यायचा. मग पिळायच्या वेळी बारीक ‘घूं’ सुरू झालं. वाटलं, कपडे जास्त झाले असतील. सहा महिन्यांत त्याची घरघर झाली आणि शेवटी शेवटी पिळणं सुरू झालं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर यायच्या. कंपनीचा माणूस आला, ड्रम हातानं फिरवून म्हणाला, बेअरिंग गेलंय, पण टब सीलबंद आहे, सुटं बेअरिंग मिळत नाही, अख्खा टब बदलावा लागेल. साडेअकरा हजार, मजुरी वेगळी. वर हेही म्हणाला की त्यापेक्षा नवीन घ्या.

माझे मामा उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर. ते म्हणाले, न उघडणारी वस्तू कुणी बनवलेली नसते. टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेलं. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या टबाला मधोमध जोड असतो, तो हॅकसॉनं सावकाश कापला. ड्रमच्या मागे तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो, त्याच्या शाफ्टवर, म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो त्या दांड्यावर, पितळी बुश, म्हणजे कडं. मामांनी माझं बोट धरून त्या बुशवर फिरवलं. नख अडकलं. पाणी मागे जाऊ नये म्हणून असलेल्या ऑइल सीलच्या रबरानं घासून घासून तिथे बारीक चर पाडली होती. त्या चरीतून साबणाचं पाणी मागे गेलं आणि बेअरिंग गंजलं. ‘नुसतं बेअरिंग बदललं असतं तर वर्षात परत इथेच आला असतास,’ असं ते म्हणाले. त्यांनी नवीन बुश कातून बसवला. दोन्ही बेअरिंगांच्या कडेवर ६२०५ आणि ६२०६ असे नंबर होते, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळणारी. सील, बेअरिंग, सिलिकॉन, स्क्रू सगळं मिळून अठराशेच्या आत. मजुरी मामांनी घेतली नाही. २०२१ पासून मशीन चालतंय आणि काकूंचं वर येणं बंद झालंय.

जरगनगर

आमचा अनुभव पहिल्याच दिवसाचा. नवीन फ्रंट लोड पिळायला लागलं आणि दीड फूट चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं. वाटलं, मशीनच खराब. मागे बघितलं तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट तसेच होते. बसवणाऱ्यानं काढलेच नव्हते. ते काढून मागच्या भोकांना टोप्या लावल्या आणि गवंड्याकडची लेव्हल पट्टी ठेवून पाय फिरवले. आता वर पाण्याचा पेला ठेवला तरी पाणी फारसं हलत नाही. ते बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना परत लागतात.

नागाळा पार्क, फ्लॅट

आवाज होत असेल तर आधी चाकांचा स्टँड काढून टाका. आमचा अर्धा आवाज स्टँडचाच होता. फरशीवर थेट, चारही पाय टेकलेले, बास.

शाहूपुरी, कुंभार गल्ली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पुराचं पाणी होतं. आठवड्यानं परत आलो तेव्हा फ्रिज आडवा तरंगून दाराला अडकलेला आणि दोन मशीनं चिखलात उभी. एक आमचं नवीन टॉप लोड, जेमतेम दीड वर्षाचं. दुसरं आईचं जुनं सेमी, वरच्या मजल्यावर नेता आलं नाही म्हणून खालीच राहिलेलं.

त्या दिवसांत उपसा केंद्रंच पुरात बुडाल्यामुळे नळाला पाणी नव्हतं. प्यायला टँकर, तर मशीन धुवायला पाणी कुठून आणणार? चिखल वाळला आणि सिमेंटसारखा बसला. टॉप लोडचं पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट), मोटर आणि क्लच, सगळं गेलं. दुरुस्तीचा आकडा नव्या किमतीच्या जवळ गेला, तेव्हा ते भंगारात दिलं. आईचं सेमी मात्र भावानं उलटं करून उघडलं. आत दोन मोटरी, दोन टायमर, दोन कपॅसिटर आणि थोड्या वायरी, बाकी काही नाही. नळाला पाणी आल्यावर मोटरी धुतल्या, आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या, मग वाइंडिंगवाल्याकडे नेऊन भट्टीत सुकवून वार्निश मारून घेतलं. कपॅसिटर आणि धुण्याचा टायमर नवीन. सगळे मिळून हजार-बाराशे गेले असतील. सुरू केलं तेव्हा पहिल्या पाण्याबरोबर काळा गाळ आला, आई तिथेच उभी होती, आणि पुराच्या पाण्यानंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. त्याच मशीनवर आम्ही त्या महिन्यात गल्लीतल्या चार घरांच्या गोधड्या धुतल्या.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हा आदल्या रात्रीच दोघांनी मिळून ते माळ्यावर चढवलं. साठ-सत्तर किलोचं मशीन असतं तर चढलं नसतं. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी वजनही विचारून घ्यावं, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

मंगळवार पेठ, जुना वाडा

उंदीर! खालून उघडं असलेलं मशीन म्हणजे त्यांना बंगला. दोन वेळा वायरी कुरतडल्या. बारीक जाळी कापून खालून स्क्रूनं मारली, त्यानंतर काही नाही. हवा जाईल अशी जाळीच मारा, पत्रा नको.

पाचगाव, बोअरचं पाणी

इथल्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो, मशीनचं वेगळं काय होणार? तिसऱ्या वर्षी गरम पाण्याचा हीटर गेला. काढून बघितला तर चुन्यानं बोटभर जाड झालेला. तेव्हापासून दोन महिन्यांतून एकदा मशीन रिकामं, शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून गरम पाण्याच्या प्रोग्रामवर चालवते. काचेवरचा पांढरटपणा जातो आणि कपडेही कमी कडक होतात. पावडर ‘मॅटिक’चीच, म्हणजे मशीनसाठीची, आणि वेष्टनावर लिहिलीय त्यापेक्षा जास्त टाकून उपयोग नाही. जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून आपण वाढवत जातो आणि ती सगळी आत चिकटून बसते.

फुलेवाडी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा मशीन पाणी घेईना. मेकॅनिकला बोलावणार तेवढ्यात मुलीनं मागचा पाइप काढला. आत नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी, मातीनं गच्च भरलेली. जुन्या टूथब्रशनं घासली, दोन मिनिटांत काम झालं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणावरून थेट पाइपलाइनचं पाणी आल्यापासून फरक आहे म्हणतात, पण जून लागला की मी जाळी काढून बघतेच.

शिवाजी पेठ

घरात दोन फुटबॉलवाले. गांधी मैदानावरनं आले की कपड्यात अर्धा किलो माती. मशीन कुठलं बी घ्या, चिखलाचे कपडे आधी मोरीत नुसत्या पाण्यात खळबळून मगच आत. आम्ही ते केलं नाही आणि पंप जाम झाला. खाली समोर छोटं झाकण असतं, ते उघडायच्या आधी ताट ठेवा, तांब्याभर पाणी येतं. आमच्या फिल्टरमधनं दोन सेफ्टी पिना, एक पाचचं नाणं, बुटाच्या लेसचं टोक आणि मूठभर खडे निघाले. ‘ओई’ असा एरर दाखवत होतं, म्हणजे पाणी बाहेर जात नाही. मेकॅनिकनं याचेच साडेपाचशे घेतले असते.

ताराबाई पार्क, टॉप लोड, ९ वर्षं

पिळताना टब बाजूच्या पत्र्यावर धाड धाड आपटायचा. रोज एकाच बाजूनं कपडे कोंबतो म्हणून असेल, असं मानून आम्ही वर्ष काढलं. टब चार दांड्यांवर टांगलेला असतो, त्यातल्या दोन ढिल्या पडल्या होत्या. चारही बदलल्या, अठराशे. पाणी फ्रंट लोडपेक्षा दुप्पट-तिप्पट लागतं, ते खरं आहे. पण मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येतो आणि कमरेत वाकावं लागत नाही. सासूबाईंचा खांदा दुखतो म्हणालात ना? खोल टबातून ओली चादर उचलायलाही खांदाच लागतो. दोघींनी दुकानात प्रत्यक्ष हात घालून बघा.

उचगाव, दुरुस्तीचं काम करतो, २२ वर्षं

वर बऱ्याच जणांनी बरोबर लिहिलंय. माझ्या हातानं उघडलेल्या मशीनांवरनं सांगतो.

सेमीला मरण नाही, पण राबवून घेतं. टॉप लोडमधी दांड्या, पाणी सोडायची मोटर आणि पाण्याची पातळी मोजायची बारीक नळी, ही तीन कामं जास्त येतात. फ्रंट लोडमधी बेअरिंग, दाराचा रबर आणि पीसीबी. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी मला पीसीबीचे पाच-सहा फोन ठरलेले. काम झालं की नुसतं मशीनचं बटण बंद करू नका, भिंतीवरचं बटण बंद करा, ढग आले तर पिनच काढा. त्याला पैसे पडत नाहीत.

बेअरिंग बघायची पद्धत सोपी आहे. रिकाम्या ड्रमची वरची कड आतनं धरून वर-खाली हलवा. बाहेरच्या टबासकट डुलला तर ठीक, ते स्प्रिंगवर आहे. टब जागेवर आणि ड्रम एकटाच ‘टक टक’ हलला तर बेअरिंग सैल. मग ड्रम हातानं जोरात फिरवून कान लावा. नुसती सळसळ आली तर कपड्याचा हूक नाहीतर नाणं अडकलंय. घरघर आली तर बेअरिंग. मागच्या बाजूला तांबूस ओघळ दिसला की सील गेलंय, त्या आठवड्यात फोन करा, सहा महिन्यांनी नको. सहा महिन्यांनी शाफ्ट पण जातो, मग खर्च दुप्पट.

घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: टब नट-बोल्टचा आहे का चिकटवलेला? त्याला माहीत नसलं तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचारायला लावा. दहा वर्षांची वॉरंटी मोटरची असते. मोटर सहसा जात नाही. जाणारं बेअरिंग, रबर आणि पीसीबी बहुतेक त्याच्या कितीतरी आधीच वॉरंटीबाहेर पडतं. बिनपट्ट्याची इन्व्हर्टर मोटर शांत चालते, त्याचे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. पण बेअरिंग त्यातबी असतंच.

आणि पावसाळ्यात काम झाल्यावर दार उघडं ठेवा, रबराच्या घडीतलं पाणी फडक्यानं पुसा. काळे ठिपके एकदा बसले की निघत नाहीत, रबर बदलावाच लागतो.

कदमवाडी

दादा, तुम्ही पीसीबीचं लिहिलंत म्हणून. आमचं मशीन सुरूच होईना. एका अधिकृत सेंटरचा माणूस पाच मिनिटं बघून म्हणाला, पीसीबी गेलं, साडेआठ हजार. भेटीचे पैसे घेऊन गेला. गल्लीतल्या मेकॅनिकनं मीटर लावून दाराचं लॉक बदललं, साडेसहाशे. जुना भाग परत मागायचा आणि बिल घ्यायचं, हे मी तेव्हापासून पाळतो. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तीन आठवड्यांनी भेटीचे पैसे परत आले. रक्कम लहान होती, पण आईवडील दोघंच घरी असताना असं सांगून जातात, याचा मला फार राग आला होता.

साने गुरुजी वसाहत (धागा सुरू करणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना घेऊन परत गेलो. त्यांनी टॉप लोडमध्ये हात घालून बघितला, कोपर आत जाईपर्यंत वाकावं लागलं. मान हलवून नको म्हणाल्या. फ्रंट लोडसमोर स्टुलावर बसून ड्रमची कड धरली आणि म्हणाल्या, हे जमतंय.

उचगावच्या दादांचा प्रश्न विचारला. पहिल्या दुकानात उत्तर नाही. दुसऱ्या दुकानातल्या मुलानं आमच्यासमोर सर्व्हिसला फोन लावला: एका मॉडेलचा टब चिकटवलेला, दुसऱ्याचा बोल्टचा. बोल्टच्याची किंमत अडीच हजारांनी जास्त आणि त्याला वायफाय नाही. तेच घेतलं, सात किलोचं. मोरीच्या नळापासून टाकीचा तळ बारा फूट वर भरला, पाण्याच्या दाबासाठी या मशीनला किमान दहा लागतात, त्यामुळे पंप बसवायची गरज नाही. मोरीला उतार आहे म्हणून गवंडी उद्या तेवढ्या जागेची फरशी सपाट करून देतोय.

मशीन गुरुवारी येतंय. जुन्याची पिळायची मोटर अजून ठणठणीत आहे, ती दादांनी न्यावी, कुणाच्या तरी कामाला येईल. मागचे बोल्ट काढताना मी स्वतः शेजारी उभी राहून मोजणार आहे. चार.