मदत हवी आहे: अकरावीच्या मुलांना ‘विधान’ कसं समजावून सांगू?

चांदणशेला

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी कला शाखेचं तर्कशास्त्र माझ्याकडे आलं आहे. माझा मूळ विषय मराठी, त्यामुळे शिकवता शिकवता मीही शिकते आहे. व्याख्या सोपी आहे: जे वाक्य सत्य किंवा असत्य असू शकतं ते विधान. ‘मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे’ हे विधान. ‘दार लाव’, ‘किती वाजले?’, ‘अबब, केवढा साप!’ ही सगळी बाद.

पण वर्गातल्या मुलांनी मला पुरतं अडवलं. एका मुलीचे काका पोलीस पाटील आहेत. ती म्हणाली, “मॅडम, पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात, ते विधान ना? पण काका सांगतात, त्यावर त्याची सही घेत नाहीत. मग ते नक्की कोणाचं विधान?” इंग्रजीत विधानाला स्टेटमेंट म्हणतात, म्हणून दुसऱ्याने बँकेचं स्टेटमेंट काढलं. त्यात एकही क्रियापद नाही, मग ते खरं-खोटं कसं होणार? तिसरा संगणकाच्या क्लासला जातो. तिथे ‘क्ष = क्ष + १’ यालाच स्टेटमेंट म्हणतात. गणितात तर हे कधीच खरं होऊ शकत नाही.

मी व्याकरणाकडे वळले, विधानार्थी वाक्य आणि प्रश्नार्थी वाक्य असा फरक सांगितला. त्यावर लगेच उदाहरण आलं: “आईची सर कोणाला येणार आहे का?” रूप प्रश्नाचं, पण बोलणारा काही विचारत नाहीये, ठामपणे सांगतो आहे.

या सगळ्याला एकच धागा आहे की ही वेगवेगळी प्रकरणं आहेत? कायद्याचा भाग कोणी नीट सांगेल का? आणि कृपया ‘पुस्तकात आहे तेवढंच शिकवा’ असं सांगू नका. मुलं आपणहून विचार करायला लागली आहेत, ते मला थांबवायचं नाही.

वकीलवाडा

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचे काका बरोबर सांगतात. तपासात पोलिसांनी साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला तर त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असा कायदाच आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२ होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिथे ते कलम १८१ आहे. फिर्यादीवर मात्र फिर्याद देणाऱ्याची सही असते. मुलं या दोन कागदांत गल्लत करतील, तेव्हा हे आधीच स्पष्ट करा.

सही का नको, ते वर्गात जरूर सांगा. पोलीस ठाण्यात बसून दिलेला जबाब माणसाला कायमचा बांधून ठेवू नये, हा त्यामागचा विचार. तो जबाब एरवी पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदार कोर्टात उभा राहून वेगळंच बोलू लागला की बचाव पक्षाचा वकील तो पुढे करतो, “तेव्हा तुम्ही असं सांगितलं होतं ना?” म्हणजे कोर्ट नुसतं खरं की खोटं एवढंच पाहत नाही. कोण बोललं, कोणासमोर, कोणत्या परिस्थितीत, हे आधी पाहतं. तोच माणूस तेच वाक्य दंडाधिकाऱ्यासमोर बोलला (जुनं १६४, आता १८३) तर त्याचं वजन वेगळं.

आणखी एक खटला सांगा, मुलं विसरणार नाहीत. १८८५, अलाहाबाद उच्च न्यायालय, सम्राज्ञी विरुद्ध अब्दुल्ला. दुलारी नावाच्या स्त्रीचा गळा चिरला होता. तिला बोलता येत नव्हतं, पण शुद्ध होती. तिच्यासमोर नावं घेतली गेली आणि तिने हाताच्या खुणांनी होकार-नकार दिला. त्यानंतर ती वारली. प्रश्न आला की याला मृत्युपूर्व जबाब म्हणायचं का? ती तर एक शब्दही बोलली नव्हती. पूर्णपीठाच्या बहुमताने ठरलं की विचारलेला प्रश्न आणि तिची खूण मिळून तो जबाबच होतो. अर्धं वाक्य विचारणाऱ्याचं, अर्धं तिच्या हाताचं.

सेमीकोलन

संगणकाचं थोडक्यात. ‘क्ष = क्ष + १’ मध्ये बरोबरची खूण ‘समान आहे’ असं म्हणतच नाही. आधी उजवी बाजू काढ, मग ते उत्तर क्ष नावाच्या जागेत ठेव, असा तो हुकूम आहे. तुमच्या व्याख्येत ‘दार लाव’ बाद झालं ना, संगणकाचं स्टेटमेंट त्याच जातीचं. समानता तपासायची असेल तर पायथन या संगणकाच्या भाषेत बरोबरच्या दोन खुणा देतात.

गंमत अशी की तुमचं तर्कशास्त्रातलं विधान संगणकातही आहे, पण त्याला तिथे एक्स्प्रेशन म्हणतात. ‘क्ष > ५’ लिहा, क्षची किंमत ठरलेली असली की उत्तर ट्रू किंवा फॉल्स येतं. या किमतींना बूलियन म्हणतात ते जॉर्ज बूलच्या नावावरून. विचारांच्या नियमांवरचा त्याचा ग्रंथ १८५४ चा.

अनुमिती

वकीलवाडा यांचा मुद्दा तर्कशास्त्राला परका नाही. १९५० मध्ये स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने हेच मांडलं की वाक्य वेगळं आणि ते वापरून केलेलं विधान वेगळं. ‘मी काल रात्री घरी होतो’ हे एकच वाक्य साक्षीदार म्हणतो आणि आरोपीही म्हणतो. वाक्य एक, विधानं दोन. एक खरं आणि दुसरं खोटं असू शकतं. वर्गात दोन मुलांना उभं करून हे वाक्य म्हणायला लावा, पाच मिनिटांत पोहोचेल.

बँकेच्या कागदासाठी मात्र आपल्या न्यायदर्शनाकडे, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेकडे या. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात वाक्यातून अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात: आकांक्षा (शब्दांना एकमेकांची गरज असणं), योग्यता (त्यांचे अर्थ जुळणं), संनिधी (ते लागोपाठ येणं). ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असं नुसतं म्हटलं तर एका शब्दाला दुसऱ्याची आकांक्षा नाही, म्हणून वाक्य होत नाही. ‘विस्तवाने शिंपतो’ यात योग्यता नाही. एकेक शब्द प्रहरा-प्रहराने उच्चारला तर संनिधी नाही. आता ‘५ जून, एटीएम, २,०००’ ही ओळ पाहा. सुटी वाचली तर ती गाय-घोडाच आहे. पण वर ‘तारीख’, ‘तपशील’, ‘नावे’ (खात्यातून गेलेली रक्कम) असे रकाने आहेत, ते आकांक्षा पुरी करतात. म्हणून क्रियापद नसूनही ती ओळ ठाम सांगते आणि म्हणूनच ती चुकली तर आपण बँकेत तक्रार करतो. हुकमाबद्दल तशी तक्रार करता येत नाही.

‘मी राजीनामा देतो’ हेही द्या. दिसतं विधान, पण ते काही सांगत नाही, करतं. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत यावरच बोट ठेवलं होतं.

चांदणशेला

तिघांचेही मनापासून आभार. ‘चूक निघाली तर तक्रार करता येते का?’ ही कसोटी मुलांच्या हातात द्यावी असं ठरवलं आहे. आईच्या वाक्याला ती लागू पडते: कोणी म्हणू शकतं, “नाही, माझ्या आजीला येते!” म्हणजे प्रश्नाच्या रूपातलं ते विधानच.

एक शंका उरली. ‘उद्या पाऊस पडेल’ याचं काय? आज ते खरं की खोटं? वर्ग दोन तट पडून भांडतो आहे.

अनुमिती

भांडू द्या. अ‍ॅरिस्टॉटलने उद्याच्या समुद्रातल्या लढाईचं उदाहरण घेऊन हाच प्रश्न विचारला होता. त्याच्याबरोबर १७४२ मधला गोल्डबाख या गणितज्ञाचा अंदाज ठेवा: दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, खोडलेलंही नाही, तरी ते विधान आहेच. आपल्याला माहीत नसणं आणि अजून ठरलेलंच नसणं, या दोन गोष्टी मुलांनी वेगळ्या केल्या की पावसाच्या वाक्याकडे परत आणा.

वकीलवाडा

आणि जबाबाचा नमुना दाखवायचा असेल तर खऱ्या प्रकरणातला कागद आणू नका. सायकल चोरीचा एक काल्पनिक जबाब मुलांकडूनच लिहून घ्या, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. नंतर सांगणाऱ्याला तो वाचायला द्या आणि विचारा, “यातलं तुझं किती?”